स्वयंपाकघरातला पाठ : एका कुकरमधला चिकन भात



मी आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी पोषणाचा पाठ चालू असताना वर्गाला सहज विचारलं, "काल रात्री जेवायला काय होतं?" कुणी भाजी-भाकरी सांगितली, कुणी खिचडी. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "नूडल्स." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. आई दवाखान्यात आयाचं काम करते, आठवड्यात चार दिवस रात्रपाळी. वडील ट्रकवर. रात्री घरात हा, तिसरीतली बहीण आणि सोबतीला शेजारच्या आजी. घरात तांदूळ आहे, कांदे-टोमॅटो आहेत, आई पैसेही ठेवून जाते. "मग रे?" तर म्हणाला, "बाई, मला फक्त पाणी उकळता येतं."

या मुलाला प्रथिनं म्हणजे काय, कर्बोदकं म्हणजे काय, सगळं पाठ होतं. चाचणीत त्याला पाचपैकी पाच गुण मीच दिले होते. त्या दिवशी मला माझ्याच शिकवण्याची लाज वाटली. पोषणाचा पाठ फळ्यावर संपत नाही. मुलाला एक पूर्ण जेवण स्वतः करता आलं, तरच तो पाठ झाला असं म्हणायचं. म्हणून हा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी पदार्थ निवडला एका कुकरमधला मसालेदार चिकन भात. पाऊण तासात होतो, भांडी कमी लागतात, आणि एकाच ताटात धान्य, प्रथिनं आणि भाज्या येतात.

एका पालकांनी विचारलं, "बाई, पोराला आचारी करायचाय का?" प्रश्न रागाने नव्हता, पण होता. मी म्हटलं, आचारी झाला तर उत्तमच, पण आधी त्याला स्वतःचं पोट भरता येऊ दे. हातांनी काम करत शिकावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभा हाच होता.

पाठाची उद्दिष्टे

१. विद्यार्थ्याला चार माणसांचं पौष्टिक जेवण मोजून-मापून करता येणे.
२. प्रत्येक कृतीमागचं 'का?' सांगता येणे.
३. कच्चं मांस, गॅस आणि कुकर सुरक्षितपणे हाताळता येणे.
४. स्वयंपाक हे मुलगा-मुलगी दोघांचं काम आहे, हे करून कळणे.

साहित्य (चार जणांसाठी)

वाटी साधारण १५० मिलीलीटरची. एकच वाटी शेवटपर्यंत वापरायची, मध्ये बदलायची नाही.

- बोनलेस चिकन ४०० ग्रॅम, दीड इंचाचे तुकडे
- तांदूळ २ वाट्या (सुमारे २५० ग्रॅम), कोलम किंवा बासमती
- पाणी ३ वाट्या
- घट्ट दही ४ मोठे चमचे
- कांदे २, टोमॅटो १, गाजर १, मटार अर्धी वाटी, फरसबी ८-१० शेंगा
- आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा
- हळद अर्धा, लाल तिखट १, धने-जिरे पूड २, गरम मसाला अर्धा (सगळे छोटे चमचे)
- तमालपत्र १, दालचिनीचा छोटा तुकडा, लवंगा ३, मिरी ५, वेलदोडे २
- तेल २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, कोथिंबीर, लिंबू

इंद्रायणी तांदूळ असेल तर भात चिकट होतो. चव छानच लागते, फक्त मोकळ्या भाताची अपेक्षा ठेवू नका. हातसडीचा तांदूळ घेतला तर आधी तासभर भिजवा. पाणी आणि शिट्ट्या दोन्ही वाढवाव्या लागतात.

कृती आणि तिच्यामागचं 'का?'

पहिला टप्पा : भिजवणं आणि मुरवणं (२० मिनिटं). तांदूळ धुऊन भिजत घाला. चिकनला दही, हळद, तिखट, एक छोटा चमचा मीठ आणि आलं-लसूण लावून ठेवा. दह्यातलं आम्ल मांसाचा वरचा भाग मऊ करतं आणि मसाला तुकड्याला धरून राहतो. हळदीचे हात साबणाने धुताना डाग लालसर होतो, तो मुलांना मुद्दाम दाखवा. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, आम्लारीत लाल होतो. हे वाक्य पुस्तकात असतंच, इथे ते हातावर दिसतं.

दुसरा टप्पा : फोडणी. कुकरमध्ये तेल तापवून खडा मसाला टाका. मसाल्यातली बरीचशी सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात, म्हणून मसाला आधी तेलात. मग उभा चिरलेला कांदा. तो पटकन लाल का होत नाही, हे मुलांना विचारा. कांद्यात पाणी भरपूर असतं. ते उडेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. पाणी उडालं की तापमान चढतं आणि मग रंग येतो. इथे घाई केली, गॅस मोठा केला, तर कांदा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

तिसरा टप्पा : परतणं. टोमॅटो आणि धने-जिरे पूड घालून तेल सुटेपर्यंत परता. गॅस मंद करून चिकन घाला, म्हणजे दही फाटणार नाही. चिकनचा गुलाबी रंग जाऊन ते पांढरट होईपर्यंत पाच-सहा मिनिटं परता. आता भाज्या, निथळलेला तांदूळ, गरम मसाला, उरलेलं मीठ. हलक्या हाताने एकदाच हलवा. जोरात ढवळलं तर भिजलेला दाणा तुटतो.

चौथा टप्पा : कुकर. तीन वाट्या गरम पाणी घालून, तळ खरवडून मोकळा करा आणि झाकण लावा. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग गॅस बंद. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणून अन्न लवकर शिजतं. याच्या उलट उदाहरण महाबळेश्वरचं. तिथली उंची सुमारे १,३७० मीटर, हवेचा दाब कमी, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ-तांदूळ शिजायला वेळ लागतो.

पाचवा टप्पा : थांबणं (१० मिनिटं). मुलांना सगळ्यात अवघड हाच टप्पा जातो! दाब आपोआप उतरू द्यायचा. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची नाही. या दहा मिनिटांत भात आतल्या वाफेवर मुरतो. झाकण उघडल्यावर सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा. आत गुलाबी मांस नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस भरायला हवेत. वर कोथिंबीर, लिंबू, बाजूला काकडी-कांद्याची कोशिंबीर. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांमधलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं, म्हणून लिंबाची फोड ताटातून वगळू नका.

माझी चूक

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फ्रीझरमधले लेगपीस तसेच, गोठलेले, कुकरमध्ये टाकले होते. पाहुणे दारात, वेळ नाही. भात शिजला, पण हाडाजवळचं मांस कच्चं. परत कुकर लावला तर भाताची खीर झाली. म्हणून गोठलेलं चिकन आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. आणि नवशिक्यांनी हाडाच्या मोठ्या तुकड्यांपासून सुरुवात करू नये.

सुरक्षिततेचे नियम (हे वहीत लिहून घ्यावेत)

- कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, आणि नंतर सिंक साबणाने घासा.
- आधी भाज्या चिरा, मग चिकन. तीच सुरी-पाट कोशिंबिरीला वापरायची तर साबणाने धुऊनच.
- कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, तांदूळ फुगतो. एवढ्या मापाला पाच लिटरचा कुकर बरा. शिट्टीचं भोक आणि रबर आधी तपासा.
- उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. शिजवल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू भातात टिकून राहतात आणि भात बाहेर राहिला की वाढतात. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खा.
- पहिल्या तीन-चार वेळा मोठं माणूस शेजारी उभं हवं. त्यानंतरही गॅस पेटवताना घरात कुणीतरी मोठं असावं.

यातलं गणित

तांदूळ आणि पाणी २ : ३. सहा जणांसाठी तांदूळ ३ वाट्या, तर पाणी? साडेचार वाट्या, पटकन उत्तर येतं. मग मी विचारलं, आठ जणांसाठी शिट्ट्या किती? अर्धा वर्ग ओरडला, "चार!" इथे खरा पाठ होतो. माप दुप्पट झालं म्हणून शिट्ट्या दुप्पट होत नाहीत. प्रत्येक दाणा तेवढ्याच वेळात शिजतो. पहिली शिट्टी यायला मात्र जास्त वेळ लागतो. सगळ्याच गोष्टी समप्रमाणात वाढत नाहीत, हे गणिताच्या तासाला सांगून इतकं पटलं नव्हतं.

दुसरं गणित पोषणाचं. १०० ग्रॅम कच्च्या बोनलेस चिकनमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ४०० ग्रॅममध्ये ८०, चार जणांत प्रत्येकी २०. तांदूळ, मटार, दही धरून ताटात सुमारे २५ ग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे एका जेवणात निम्म्याहून जास्त गरज भागते. नूडल्सच्या पाकिटामागचा तक्ता मुलांना स्वतः वाचायला लावा आणि तुलना त्यांनाच करू द्या. आपण उपदेश करायची गरज पडत नाही.

थोडा इतिहासही जाता जाता येतो. "पारंपरिक भारतीय मसाला" म्हणतो आपण, पण मिरची आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणा मिरी आणि आल्याचा.

वर्गात घेताना एक काळजी

शाळेत मी चिकन शिजवलं नाही. वर्गात शाकाहारी मुलंही आहेत. तिथे हाच भात भिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि मटार घालून केला. कृती तीच, माप तेच. चिकनचं प्रमाण आणि नियम वहीत दिले, ज्यांच्या घरी चालतं त्यांनी घरी करायचं. सुरुवातीलाच सांगितलं, कुणाच्या ताटात काय आहे यावर शेरे मारायचे नाहीत. कांदा चिरायला आधी मुलं पुढे आली नाहीत, मुली आल्या. मग हजेरीच्या क्रमाने कामं वाटली. जो चिरेल तोच भांडीही घासेल, असं काही नाही. प्रत्येकाने दोन्ही करायचं.

पुढे काय झालं?

त्या मुलाने आईच्या सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदा घरी चिकन भात केला. वहीत नोंद अशी : "मीठ दोनदा पडलं. ताईने खाल्लं नाही." ताई म्हणजे ती तिसरीतली बहीण, घरात तिला सगळे ताईच म्हणतात. दुसऱ्या वेळची नोंद : "पाणी बरोबर. तळाला थोडं लागलं." तिसऱ्या वेळी फक्त "झाला" एवढंच. आता तो साडेपाचला कुकर लावतो, तेव्हा आई घरात असते. सव्वासहाला तिघं एकत्र जेवतात आणि मग आई ड्युटीला जाते. चिकन रोज परवडत नाही, म्हणून बाकीच्या दिवशी अंडी नाहीतर चणे घालतो. हे मी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतः काढलं. पालकसभेला त्याची आई आली होती. गुणपत्रक नंतर पाहिलं. आधी म्हणाली, "बाई, कामावर जाताना आता पोटात भात असतो, आणि डोक्याला घोर नसतो."

स्वाध्याय

१. घरातल्या मोठ्यांच्या देखरेखीखाली हा भात करा. शाकाहारी घरात सोया किंवा चणे घ्या. काय चुकलं ते प्रामाणिकपणे लिहा.
२. पाच जणांसाठी तांदूळ आणि पाण्याचं माप काढा.
३. एका ताटाचा खर्च काढा आणि बाहेरून मागवलेल्या बिर्याणीशी तुलना करा.
४. कांद्याचा रंग बदलायला किती मिनिटं लागली? घड्याळ लावून नोंद करा.

पालकहो, एकच विनंती. पहिला भात खारट होईल, ओटा पिवळा होईल, कदाचित तळही करपेल. "सर, तू हो बाजूला, मी करते" असं म्हणू नका. शेजारी उभे राहा, आणि झालेला भात त्यांच्याबरोबर बसून खा.