दोन वेळा ब्रश : वर्षाचा खर्च किती, पैसे कुठे वाया जातात

माणशी वर्षाला तीनशे-साडेतीनशे रुपये. सकाळ-रात्र ब्रश करायला एवढे पुरतात. खासगी दवाखान्यात एका दाताचं रूट कॅनल तीन-चार हजारांच्या खाली क्वचितच होतं, आणि कॅपचे पैसे बहुधा वेगळे असतात. 'सगळं धरून किती?' हे खुर्चीत बसण्याआधीच विचारा. एक्स-रे, औषधं आणि कॅप त्यात आहेत ना, तेही विचारा.

ब्रश 'सॉफ्ट'च घ्या. साधा ब्रश तीस-चाळीस रुपयांत मिळतो. दर तीन महिन्यांनी बदला, म्हणजे वर्षाला चार. महिन्याभरातच केस फाकले, तर तुम्ही दात घासत नाही, खरवडताय. हात हलका ठेवा. 'एकावर एक'च्या पॅकमध्ये अनेकदा 'मीडियम' किंवा 'हार्ड' गळ्यात मारतात, पाकीट उलटून बघा.

पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, साधारण पाव ग्रॅम. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पट्टी लागत नाही. या मापाने १०० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला सहा महिने सहज जाते. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये छापलेलं असतं; मोठ्यांसाठी १००० च्या आसपासची निवडा. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, तर मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवा. ट्यूबच्या तळाच्या रंगीत पट्टीवरून 'नैसर्गिक की केमिकल' काहीही कळत नाही. ती कारखान्यातल्या यंत्रासाठी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोळशाची पेस्ट, महागडा माउथवॉश, 'व्हाइटनिंग' यांवर खर्च नको.

आता वेळ. दोन मिनिटं, दोनदा. सकाळचा ब्रश बहुतेकांचा होतोच, बुडतो तो रात्रीचा, आणि जास्त गरजेचा तोच: झोपेत लाळ कमी होते, अडकलेलं अन्न रात्रभर दातांवर राहतं. 'झोपताना करू' म्हणालात की झालाच नाही म्हणून समजा. जेवणानंतर भांडी आवरून, ओटा पुसून झाला की लगेच ब्रश हातात घ्या. मुलांचं दूध त्याआधी पाजून टाका. नंतर फक्त पाणी. लिंबू-सरबत किंवा आंबट काही घेतलं असेल, तर अर्धा तास थांबा. फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड वाहून जातं. २१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका, दोन-तीन महिने धरून चाला. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात तुम्ही स्वतः घासून द्या. नुसतं 'घासलेस का?' विचारून भागत नाही.

दात आधीच दुखत असेल, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई व नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे स्वस्त पर्याय. सकाळी लवकर पोचा, आधार कार्ड आणि जुने एक्स-रे न्या, अर्धा दिवस मोकळा ठेवा. एका खेपेत काम संपेल असं धरू नका.

राहता राहिली मशेरी. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, डबीतून बोटाने हिरड्यांवर फिरवायची; कित्येक घरांत आई, आजी आजही तिनेच 'दात घासतात'. पुडी स्वस्त पडते, आणि लावल्यावर दुखणं थांबल्यासारखं वाटतं, म्हणून दंतवैद्याकडे जाणं लांबतं. तोवर हिरड्या सुटतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. तुमच्या घरात ती डबी असेल, तर नुसता नवा ब्रश आणून देऊ नका, कारण हे व्यसन आहे. त्यांच्याजवळ बसा आणि तंबाखू सोडवणाऱ्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन लावून द्या: १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.