प्रतिजैविके आणि बालदमा : एक तर्कविचार

तर्कशास्त्रात सहचार आणि कार्यकारणभाव यांतील भेद आपण शिकतो. त्याचे मोल मला एका वैद्यकीय प्रश्नात विशेष जाणवले. तान्हेपणी प्रतिजैविके दिल्याने पुढे दमा जडतो काय?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या मुलांना प्रतिजैविके देण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत नव्याने आढळणारा दमाही २६ टक्क्यांनी घटला. संशोधकांच्या मते ही औषधे आतड्यातील उपकारक जंतूही मारतात, आणि बालकाची प्रतिकारशक्ती त्या जंतूंच्या सहवासातच घडत असते.

परंतु दम्याची पहिली घरघर छातीच्या संसर्गासारखीच भासते. मग औषधामुळे दमा, की दम्याच्या पूर्वलक्षणांमुळे औषध? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात भावंडांची परस्परांशी तुलना केली, तेव्हा त्वचा वा मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिलेल्या औषधांचा दम्याशी संबंध उरला नाही.

म्हणून निर्णयाची घाई नको, असे मला वाटते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक मागू नये. मात्र न्यूमोनियात डॉक्टरांनी ते दिले, तर दम्याच्या भीतीने टाळूही नये. तेथे प्रश्न प्राणाचा असतो.