सब्र आणि अश्रू



आपल्या शहागंजात एखाद्या घरी मयत झाली, की जनाज्यानंतर सुन्न बसलेल्या आईबापांना आपण एकच वाक्य ऐकवतो, "रडू नका, सब्र करा." मीही ते अनेकदा उच्चारले आहे. तरुण मुलगा गमावलेल्या एका पित्याने ते ऐकून माझ्यासमोर डोळे पुसले आणि पुढे कित्येक महिने मुलाचे नावही काढले नाही. मी त्यांना सब्र शिकवला, की केवळ गप्प केले?

दुःख कसे सोसावे याचा सखोल विचार प्राचीन ग्रीकांनीही केला होता. इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास अथेन्समधील एका रंगीत ओसरीत झेनो शिकवीत असे. ओसरी म्हणजे स्टोआ, म्हणून तो पंथ स्टोइक. अरबी ग्रंथांत त्यांना 'रिवाकी' म्हणतात. रिवाक म्हणजेही ओसरीच. या पंथातील थोर शिक्षक एपिक्टेटस काही काळ रोममध्ये गुलाम होता. आपले विचार व इच्छा आपल्या हाती आहेत. शरीर, संपत्ती, लौकिक नाही, ही त्याची मुख्य शिकवण. जहाज किनाऱ्याला लागले असता प्रवाशाने शिंपले जरूर वेचावेत, पण कान कप्तानाच्या हाकेकडे ठेवावा, असा दृष्टान्त तो देई. नवव्या शतकातील मुस्लिम तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी दुःखनिवारणावरील आपल्या पुस्तिकेत हेच जहाज विस्ताराने वर्णिले आहे. चांगले ते घेण्यात आपल्या पूर्वजांना संकोच नव्हता.

परंतु एका ठिकाणी वाट वेगळी होते. रिवाकींच्या मते शोक हाच मुळी चुकीच्या समजुतीचा परिणाम. ज्ञानी माणसाला तो होऊ नये. दिव्य कुरआनातील सूरह यूसुफ पाहा. 'सुंदर सब्र' हे शब्द ज्यांच्या मुखी आले, त्याच प्रेषित याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे पडले. त्यांनी आपली व्यथा लपविली नाही, ती अल्लाहपुढे मांडली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा चिमुकला पुत्र इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्याही नेत्रांतून अश्रू वाहिले, जिव्हेवर मात्र अल्लाहला अप्रिय असा एकही शब्द आला नाही. अरबीत सब्रचा मूळ अर्थ रोखून धरणे. रोखायची ती तक्रारीची जीभ आणि छाती बडवणारे हात. अश्रूंना कोणी रोखले?

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणेही नव्हे. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे आपले शहर, वसविले, तोही एपिक्टेटससारखाच गुलाम म्हणून विकला गेला होता. पाण्याची अडचण त्याने नशिबावर सोडली नाही. डोंगराकडील भूगर्भातले पाणी नहरेने शहरात आणले. (आज नळाची वाट पाहत रात्र जागणाऱ्या भगिनींना 'सब्र करा' म्हणणाऱ्यांनी ही नहर आठवावी.)

मूताच्या युद्धात हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास सांगितले, कारण ते दुःखात गुंतले होते. हे वाचून मी त्या पित्याकडे पुन्हा गेलो. सोबत जेवणाचा डबा नेला आणि त्यांच्या मुलाविषयी विचारले. असरनंतर ते बोलू लागले, ते मगरिबच्या अजानपर्यंत बोलतच होते.