ट्रॅक्टरची सीट आणि ड्रायव्हरची कंबर



हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टरचे ऑइल, फिल्टर, ग्रीस आपण आठवणीने बघतो. सीटची स्प्रिंग बसली असेल तर मात्र वर पोते टाकून भागवतो. त्या पोत्यावर बसणारा पुष्कळदा आपलाच मुलगा किंवा भाऊ असतो, म्हणून त्याच्या मणक्याविषयी आज लिहीत आहोत.

दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आपण हिंडलो-फिरलो, आडवे झालो, की दाब कमीजास्त होऊन तिला पोषण झिरपत मिळते. तासन् तास एकाच बैठकीत ते कमी पडते. त्यात हादरे. बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पाटे नसतात, तेव्हा चाकोरीतला प्रत्येक दणका टायर आणि सीटमधून थेट कंबरेत जातो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ हादऱ्यांना सर्वांत जास्त थरथरतो, आणि ट्रॅक्टरचे हादरे बरेचसे त्याच्याच आसपासचे! दुखणे एका दिवसात येत नाही. संध्याकाळी कंबर धरते, चोळली की मोकळी होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

युरोपातील देशांनी २००२ साली यासाठी नियम केला. आठ तासांच्या कामात हादऱ्याचे माप ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेले की मालकाने उपाय करायचे, आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायचे नाही. आपल्या बांधावर हे माप घ्यायला कोण येणार? पण उपाय आपल्या हातातले आहेत.

पहिले म्हणजे सीट दुरुस्त करा. वजनाप्रमाणे जुळवायचा नॉब असेल तर ड्रायव्हर बदलला की तोही फिरवा. टायरमध्ये पुस्तकात दिलेलीच हवा ठेवा. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना वेग आवरा, कारण दणके तेव्हाच जास्त बसतात. नांगरताना सारखी मान वळवून मागे बघावे लागते, त्यासाठी मोठा आरसा बसवा. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत सीटवर बसून राहू नका, खाली उतरून चार पावले चाला. उतरताना उडी नको. तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून पायरीने उतरा, आणि उतरल्याउतरल्या मोळी उचलू नका.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टरला दाखवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर खेप तशीच सोडून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.