घटक ७ : भाषासंपर्क आणि सांस्कृतिक देवाणघेवाण – मराठी व जपानी

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• मैत्री-नगरे ही संकल्पना महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• आदत्त शब्दांचे मराठीकरण आणि अर्थसंकोच या प्रक्रिया सांगता येतील.
• मराठी व जपानी यांच्या वाक्यरचनेतील साम्य-भेद दाखवता येतील.
• आपल्या परिसरातील भाषासंपर्काची नोंद स्वतः करता येईल.

७.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण फारसी, पोर्तुगीज व इंग्रजी या भाषांशी आलेल्या मराठीच्या संपर्काचा अभ्यास केला. ते संपर्क प्रामुख्याने राज्यसत्तेमुळे घडले. प्रस्तुत घटकात आपण अशा एका भाषेचा विचार करणार आहोत, जिची सत्ता महाराष्ट्रावर कधीही नव्हती. तरीही तिचे शब्द आपल्या तोंडी आहेत.

राजगुरुनगरच्या बसस्थानकाबाहेर आपण ‘रिक्षा’ थांबवतो. हा शब्द मूळचा जपानी आहे. ‘जिन्रिकिशा’ म्हणजे मनुष्याच्या बळाने चालणारे वाहन. इंग्रजीच्या वाटेने तो आपल्याकडे आला, येताना त्याचा पुढचा भाग गळाला आणि मराठीत तो स्त्रीलिंगी झाला. त्याच रिक्षाने चाकणच्या कारखान्यात गेल्यावर भिंतीवरील फलकांवर ‘काइझेन’, ‘गेम्बा’, ‘पोका-योके’ हे शब्द भेटतात. राजगुरुनगर येथील एका संपर्कसत्रात एका कामगार विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते, “सर, हे शब्द आम्हाला नियम म्हणून पाठ आहेत. पण ते कोणाच्या घरात बोलले जातात का?” या घटकाचे लेखन त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल झाले आहे, असे समजावे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ मैत्री-नगरे : संकल्पना व उदाहरणे

दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रुराष्ट्रांतील सामान्य नागरिकांनी एकमेकांना ओळखावे, या विचारातून दोन शहरांनी परस्परांशी मैत्रीचा करार करण्याची पद्धत रूढ झाली. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेले नागासाकी आणि अमेरिकेतील सेंट पॉल यांनी १९५५ मध्ये असे नाते जोडले. अमेरिका व जपान यांच्यातील हे पहिले भगिनी-नगर होय. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरिकांच्या परस्परसंपर्काच्या कार्यक्रमाचा पुरस्कार केला आणि ही चळवळ विस्तारली.

महाराष्ट्रात मुंबई व योकोहामा ही दोन बंदरांची शहरे १९६५ मध्ये भगिनी-नगरे झाली. पुण्याचे अमेरिकेतील सान होजे या शहराशी १९९२ पासून असे नाते आहे. मात्र पुणेकरांना प्रत्यक्ष पाहता येईल असे उदाहरण सिंहगड रस्त्यावर आहे. ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ सुमारे दहा एकरांत वसले असून २००६ मध्ये खुले झाले. त्याची रचना ओकायामा येथील, १७०० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या ‘कोराकुएन’ या उद्यानावर आधारलेली आहे. या उद्यानास पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनात पु. लं.नी जपानचाही प्रवास शब्दबद्ध केला आहे, हे लक्षात घेतल्यास नाव आणि स्थळ यांचा मेळ उमगतो.

तथापि, करार आणि उद्यान ही देवाणघेवाणीची चिन्हे होत. चिन्हाला आशय केव्हा लाभतो, हे पुढील उदाहरणावरून पाहू.

७.२.२ एका पुस्तिकेचा प्रवास

महर्षी धोंडो केशव कर्वे हिंगणे येथे स्त्रीशिक्षणाचे कार्य करीत असता त्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. ही संस्था १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी स्थापन केली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ स्थापन झाले. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कर्वे यांनी शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी, हे समीकरण त्या काळी पक्के होते. आशियातील एक राष्ट्र स्वभाषेत उच्च शिक्षण देऊ शकते, हा दाखला जपानने पुरवला. आपण आज मराठी माध्यमातून पदवीचा अभ्यास करीत आहात, त्या वाटेवरील आरंभीच्या पावलांपैकी हे एक होय.

या अनुकरणास मर्यादाही होती. स्त्रियांसाठी गृहजीवनाभिमुख असा वेगळा अभ्यासक्रम असावा, हा विचारही त्यासोबत स्वीकारला गेला आणि त्यावर टीका झाली. देवाणघेवाणीत चांगल्या कल्पनेबरोबर तिच्या काळाचे ग्रहही येतात.

७.२.३ शब्दांचे स्थलांतर

परभाषेतून घेतलेल्या शब्दास ‘आदत्त शब्द’ म्हणतात. असा शब्द नव्या भाषेत आला की पुढील बदल संभवतात.

(अ) ध्वनिबदल : ‘त्सुनामी’ या शब्दातील आद्य ‘त्स’ मराठी बोलण्यात अनेकदा ‘स’ होतो.

(आ) लिंगप्राप्ती : जपानीत नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीत मात्र लिंगाशिवाय नाम वाक्यात उभेच राहू शकत नाही. म्हणून ‘रिक्षा आली’, ‘त्सुनामी आली’. ‘त्सुनामी’च्या स्त्रीलिंगामागे ‘लाट’ या शब्दाचे साहचर्य असावे.

(इ) अर्थसंकोच : जपानीत ‘काइझेन’ म्हणजे कोणतीही सुधारणा, ‘कानबान’ म्हणजे दुकानावरची पाटी आणि ‘गेम्बा’ म्हणजे एखादी गोष्ट प्रत्यक्ष जेथे घडते ती जागा. कारखान्याच्या परिभाषेत ‘कानबान’ म्हणजे सुट्या भागांची मागणी कळवणारे कार्ड, तर ‘गेम्बा’ म्हणजे उत्पादनाची जागा. मूळचा व्यापक अर्थ येथे आक्रसला आहे. तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. हे शब्द तेथील बाजारात आणि बातम्यांत नित्य वापरले जातात.

‘पोका-योके’ या शब्दाची कथा अधिक बोधक आहे. चूक घडूच नये अशी यंत्ररचना करण्याच्या पद्धतीस आधी ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. अभियंते शिगेओ शिंगो यांनी नमूद केले आहे की, एका कारखान्यातील कामगार स्त्रीला तो शब्द फार लागला. आपण मूर्ख आहोत काय, असे तिला वाटले. त्यानंतर शिंगो यांनी ‘पोका’, म्हणजे अनवधानाने होणारी चूक, हा शब्द योजला. पद्धत तीच राहिली. दोष मात्र माणसाकडून चुकीकडे सरकला. या शब्दाचे मराठी भाषांतर करताना ‘मूर्खपणा टाळणे’ असे केल्यास त्या स्त्रीने मिळवलेला मान आपण परत काढून घेऊ. ‘चूक-प्रतिबंध’ हे भाषांतर योग्य ठरते. अनुवादकाची जबाबदारी ती हीच.

७.२.४ दोन भाषांची रचना

जपानी व मराठी या भिन्न भाषाकुलांतील भाषा आहेत. तरीही त्यांची वाक्यरचना आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहे. पुढील वाक्य पाहा.

वाताशी वा | चाकान नि | सुन्दे इमासु
मी | चाकणला | राहत आहे

दोन्हींत क्रियापद शेवटी येते. ‘ला’ व ‘नि’ हे दोन्ही नामानंतर येतात. ‘जेवून जातो’ मधील ‘ऊन’प्रमाणे जपानीत ‘ताबेते इकिमासु’ मध्ये ‘ते’ येतो. दुजोरा मागण्यासाठी आपण ‘छान आहे ना?’ म्हणतो, जपानी मनुष्य ‘इइ देसु ने?’ म्हणतो.

आदरार्थी रूपे दोन्ही भाषांत समृद्ध आहेत. मराठीत अनोळखी व्यक्तीस दादा, मावशी म्हणतात. जपानीतही ‘ओनीसान’ (दादा), ‘ओबासान’ (मावशी) म्हणण्याची रीत आहे. भेद असा की, ‘सान’ हा प्रत्यय दुसऱ्याच्या नावास लागतो, स्वतःच्या नावास कधीही नाही. ‘मी शिंदेसान’ असे म्हणणे तेथे हास्यास्पद ठरते. तसेच जपानीत ख-घ-सारखे महाप्राण व मूर्धन्य ‘ळ’ नाहीत, तर स्वरांची दीर्घता अर्थ बदलते : ‘ओबासान’ म्हणजे मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी.

७.२.५ प्रवाहाची दुसरी दिशा

शब्द तिकडून इकडे आले. इकडून तिकडे काय गेले? साहित्यात शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, शांता शेळके यांनी जपानी हायकूंचे अनुवाद केले, तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोहोचले. हीही आवकच होय.

परंतु ज्ञानक्षेत्रात चित्र निराळे आहे. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रांच्या आधारे दख्खनच्या ग्रामव्यवस्थेचा अभ्यास केला. बलुतेदार हे एकेका कुटुंबाचे नव्हे, तर समग्र गावाचे सेवक होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांचा ‘द मिडिव्हल डेक्कन’ हा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरोयुकी कोतानी यांनीही याच क्षेत्रात मोलाचे संशोधन केले. वतन, मिरास, बलुते हे आपले शब्द समजून घेण्यासाठी जपानी विद्वानांनी मराठी आत्मसात केली. भिंतीवरील जपानी शब्द समजून घेण्यासाठी आपण तेवढा प्रयत्न करतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘कानबान’ या शब्दात कोणत्या प्रकारचा अर्थबदल झाला?
२. ‘बाका’ऐवजी ‘पोका’ शब्द का योजला गेला?
३. मराठी व जपानी वाक्यरचनेतील दोन साम्ये सांगा.

७.३ सारांश

मैत्री-नगरांचे करार संपर्काची संधी निर्माण करतात. त्या संधीस आशय लाभतो तो भाषेमुळे. कर्वे यांनी जपानकडून मातृभाषेतील शिक्षणाचा दाखला घेतला. फुकाझावा यांनी मराठी कागदांतून आपले गाव वाचले. आदत्त शब्द मराठीचे व्याकरण स्वीकारतो, मात्र त्याचा मूळ अर्थ व इतिहास जाणून घेतल्याविना तो केवळ घोषणा उरतो.

७.४ पारिभाषिक शब्द

आदत्त शब्द : परभाषेतून स्वीकारलेला शब्द.
अर्थसंकोच : शब्दाचा व्यापक अर्थ मर्यादित होणे.
महाप्राण : श्वासाच्या जोरासह उच्चारला जाणारा वर्ण.

७.५ प्रश्नांची उत्तरे

१. अर्थसंकोच. २. कामगारास मूर्ख ठरवणारा अर्थ टाळून चुकीकडे लक्ष वेधण्यासाठी. ३. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे; संबंधदर्शक घटक नामानंतर येणे.

७.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या कामाच्या ठिकाणी वापरले जाणारे पाच परभाषिक शब्द नोंदवा. ते कोणत्या लिंगात व कोणत्या क्रियापदासह वापरले जातात, हे प्रत्यक्ष संभाषण ऐकून लिहा. ‘काइझेन’ कोणी ‘केले’ म्हणतो की ‘केला’? बोलणाऱ्यांत मतभेद आढळल्यास दोन्ही रूपे नोंदवा. कोणालाही चूक ठरवू नका.