थंड वसंतातली बाग : मधमाश्या आणि फुलपाखरं कशी येतील?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. घरामागे छोटी बाग आहे. डॅफोडिल, ट्यूलिप, पॅन्सी हौसेने लावली आहेत. मार्च-एप्रिलमध्ये वाफे रंगांनी भरून जातात, पण मधमाशी क्वचितच दिसते आणि फुलपाखरू तर नाहीच. एप्रिलच्या सुरुवातीला झेंडू लावला, तो एका रात्रीत काळा पडला. माहेरी कोल्हापूरला काही न करता अंगणात फुलपाखरं येत. इथे थंडीमुळे ती येतच नाहीत का, की माझं काही चुकतं आहे?
– एक वाचक भगिनी, लीड्स

उत्तर : थंडीतही ती येतात. तुमच्या बागेत फुलं आहेत, पण त्यांच्या उपयोगाची फुलं नाहीत. डॅफोडिल, ट्यूलिप आणि पॅन्सी यांच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जाती आकार आणि रंग बघून वाढवलेल्या आहेत. त्यांत मधुरस आणि पराग मिळाले तर थोडेच. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचं तर विचारूच नका. ज्या पुंकेसरांतून पराग मिळायचे, त्यांच्याच तिथे पाकळ्या झालेल्या असतात.

मार्चमध्ये तुमच्या बागेत कोण येऊ शकतं, ते आधी पाहू. दुपारी पारा जेमतेम ८-१० अंशांवर जातो, तेव्हा पोळ्यातल्या मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत. त्यांना साधारण १०-१२ अंशांच्या वर हवा लागते. शिवाय त्यांना घाई नसते. हजारोंच्या संख्येने एकमेकींना बिलगून साठवलेल्या मधावर त्या हिवाळा काढतात. खरी नड असते ती बंबलबीच्या राणीची. जाडजूड, केसाळ, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि मोठ्याने गुणगुणणारी ही माशी तुम्ही नक्की पाहिली असेल. कोल्हापूरकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा दिसतो, तो वेगळा. बंबलबी थंड प्रदेशातली. भारतात ती भेटते हिमालयात, सह्याद्रीत नाही.

बंबलबीचं अख्खं घरटं शरद ऋतूत मरून जातं. उरतात फक्त त्या वर्षी जन्मलेल्या, मीलन झालेल्या तरुण राण्या. प्रत्येक राणी एकटीच जमिनीत भोक करून हिवाळाभर पडून राहते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान बाहेर येते. तेव्हा तिच्याजवळ ना साठवलेला मध असतो, ना मदतीला कामकरी माश्या. अंगातली चरबी बहुतेक संपलेली असते. उडण्यासाठी तिला छातीतले स्नायू थरथरवून ते ३० अंशांच्या आसपास तापवावे लागतात, आणि त्याला इंधन लागतं ते मधुरसाचं. पराग मिळाले तरच पोटात अंडी तयार होतात. मग ती उंदराचं जुनं बीळ किंवा गवताचा झुबका शोधते, मेणाची लहानशी कुपी करून तीत मधुरस साठवते, परागांच्या गोळ्यावर अंडी घालते आणि पक्षिणीसारखी त्यांवर बसून ऊब देते. पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडायला चार-पाच आठवडे लागतात. तोवर सगळं काम एकटीचं. या दिवसांत घरट्याजवळ फुलं नसली तर तिला लांब जावं लागतं आणि मागे अंडी गार पडतात. मार्चमध्ये एका राणीचं पोट भरलं तर उन्हाळ्यात तिथे शंभरेक माश्यांचं घरटं उभं राहतं. म्हणून थंड प्रदेशातली बाग जूनसाठी नव्हे, मार्चसाठी आखायला हवी, असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये फुलं सगळीकडेच असतात.

आपल्याकडचं कॅलेंडर इथे चालत नाही, हेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुललेले असतात आणि मधमाश्यांची चंगळ असते. तिथला टंचाईचा काळ म्हणजे भर पावसाळा. महाबळेश्वर परिसरातले मधपाळ त्या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक देतात. इंग्लंडमध्ये नड असते ती हिवाळा सरताना.

आता काय लावायचं ते सांगतो. पहिलं नाव क्रोकस. केशर ज्या कुळातलं, त्याच कुळातली ही छोटी फुलं, पण केशर शरदात फुलतं आणि हे क्रोकस फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऊन पडून हवा जराशी उबदार झाली की फूल उघडतं आणि ढग आले की मिटतं, म्हणजे माशी उडू शकते नेमकी त्याच वेळी ताट वाढलेलं असतं. कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचे असतात, तेव्हा यंदासाठी उशीर झाला आहे. पण कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. पाच-दहा कंद विखरून लावू नका, पन्नासएक एका जागी लावा. माशीला वरून रंगाचा मोठा पट्टा पटकन दिसतो आणि एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना तिची शक्ती वाचते.

दुसरं नाव पल्मोनेरिया, आणि हे माझं सर्वांत आवडतं. सावलीत, ओलसर जागेतही हे रोप तग धरतं. पानांवर पांढरे ठिपके असतात. फूल उमलतं तेव्हा गुलाबी असतं आणि दोन-चार दिवसांत निळं होतं. गुलाबी फुलांत मधुरस जास्त असतो आणि माश्यांना ते कळतं. एका झुडपावर दोन्ही रंग असताना त्या गुलाबी फुलांकडे वळतात. मार्चच्या उन्हात या रोपाजवळ थोडा वेळ थांबलात तर आणखी एक पाहुणी दिसेल. पायांवर लांब केस असलेली ही एकांडी माशी एका फुलावरून दुसऱ्यावर झरकन जाते, क्षणभर हवेतच थांबते. तिच्या जातीत मादी काळी आणि नर तांबूस.

तिसरं झाड विलोचं. आपल्याकडे नदीकाठी जो वाळुंज उगवतो, त्याचे हे थंड प्रदेशातले भाऊबंद. पानं फुटण्याआधी फांद्यांवर रुपेरी, लवदार गोंडे येतात आणि नर झाडावरचे गोंडे पुढे परागांनी पिवळेधमक होतात. मार्चमध्ये एवढे पराग दुसरीकडे क्वचितच मिळतात. पण मूळ झाड प्रचंड वाढतं, छोट्या बागेत लावू नका. नर्सरीत ‘किलमार्नॉक’ नावाची कलम केलेली जात मिळते. तिच्या फांद्या खाली झुकतात, खोडाची उंची कलमाजवळच थांबते आणि ती मोठ्या कुंडीतही राहते. ती नर जात आहे, म्हणजे पराग देणारी.

हिवाळी हेदर कुंडीत छान होतं आणि थंडीभर फुलतं. हेलेबोर लावा, पण एकेरी पाकळ्यांचं. फ्लॉवरिंग करंट हे झुडूप एप्रिलमध्ये गुलाबी घोसांनी लगडतं. ऑब्रेशिया भिंतीवरून खाली सोडा. जागा असेल तर सफरचंदाचं एखादं बुटकं झाड लावा, तुम्हाला फळ आणि माश्यांना फुलोरा मिळेल.

आणि एक गोष्ट न लावता मिळते : डँडेलियन. हिरवळीवर पिवळी फुलं दिसली की शेजारी यंत्र घेऊन धावतात. तुम्ही धावू नका. मार्च ते मे या फुलांवर बंबलबी, एकांडी माशी आणि फुलपाखरं सगळीच जेवतात. ‘प्लँटलाइफ’ या ब्रिटिश संस्थेने २०१९ पासून मे महिन्यात गवत न कापण्याचं आवाहन सुरू केलं, ते याचसाठी.

जागेकडेही तितकंच लक्ष द्या. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत शोधा, जिच्यावर दुपारचं ऊन पडतं आणि वारा लागत नाही. विटा तापतात आणि पायथ्याची हवा बाकीच्या बागेपेक्षा उबदार राहते. फुलपाखराला बंबलबीसारखी स्वतःच्या जोरावर भरपूर ऊब निर्माण करता येत नाही. पंख पसरून उन्हात बसावं लागतं, अंग तापलं की मगच ते नीट उडतं. त्या भिंतीशी एखादा सपाट दगड ठेवा आणि फुलं त्याच्या आसपास लावा. वाऱ्याच्या बोळात लावलेलं उत्तम रोपही रिकामं राहतं.

फुलपाखरांच्या बाबतीत फुलं ही निम्मीच गोष्ट. कोल्हापूरला ती ‘काही न करता’ येत नव्हती. अंगणात कढीपत्ता होता, लिंबू होतं, आणि त्यांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या वाढत होत्या. इंग्लंडमध्येही अळीचं झाड हवं. एप्रिलमध्ये उडणारं ऑरेंज-टिप हे पांढरं फुलपाखरू (नराच्या पंखांची टोकं नारिंगी असतात) मोहरीच्या कुळातल्या रानवनस्पतींवर अंडी घालतं, गार्लिक मस्टर्ड आणि ओल्या कुरणातलं ककूफ्लॉवर या त्यातल्या मुख्य. बागेत ‘ऑनेस्टी’ लावलीत तर तिच्यावरही मादी येते. ऑनेस्टीचं बी मे-जूनमध्ये पेरा, पुढच्या वसंतात जांभळी फुलं येतील. शेंगा धरल्यावर वाळकी देठं उपटू नका. या फुलपाखराचा कोष असल्या देठांना चिकटून पुढच्या वसंताची वाट पाहत असतो. पिवळंजर्द ब्रिमस्टोन हवं असेल तर कुंपणात आल्डर बकथॉर्न लावा. पीकॉक आणि स्मॉल टॉर्टॉइजशेल यांच्या अळ्या नेटलवर वाढतात. अंगाला लागलं की आग होणारं तेच झुडूप. कोपऱ्यात उन्हात त्याचा एक पट्टा राहू द्या.

झेंडूबद्दल. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याला दहिवर मुळीच सोसत नाही. झिनिया आणि कॉसमॉसचंही तेच. लीड्सकडे मेच्या अखेरीपर्यंत रात्री दहिवर पडू शकतं, म्हणून ही रोपं तोवर खिडकीत वाढवा आणि मग बाहेर काढा. एप्रिलमध्ये थेट जमिनीत काही पेरायचंच असेल तर फसीलिया पेरा. ती थंडी सोसते, साधारण दोन महिन्यांत निळी फुलते आणि माश्या तिच्यावर तुटून पडतात. पुढे उन्हाळ्यात कोथिंबिरीचा एक वाफा न खुडता फुलावर येऊ द्या, तिच्या पांढऱ्या फुलांवर खूप कीटक येतात.

प्रश्न : भर जानेवारीत आमच्या दिवाणखान्याच्या पडद्यामागून नारिंगी-काळं फुलपाखरू बाहेर आलं आणि खिडकीवर धडकू लागलं. बाहेर बर्फ होता. त्याला सोडून द्यायला हवं होतं का?
– एक वाचक, एडिनबरा

उत्तर : बर्फात सोडलं नाहीत ते बरं केलंत. ते बहुधा स्मॉल टॉर्टॉइजशेल असावं. हे फुलपाखरू, पीकॉक, कॉमा आणि ब्रिमस्टोन हिवाळा प्रौढ अवस्थेतच काढतात. पहिली दोन त्यासाठी घराचे कोनाडे, शेड, पडद्यांच्या घड्या शोधतात. हीटर लागला की त्यांना वसंत आल्यासारखं वाटतं, ती जागी होतात आणि खायला काही नसल्यामुळे साठवलेली चरबी उडवून टाकतात. अशा वेळी त्याला पुठ्ठ्याच्या डब्यात अलगद घ्या, अर्धा तास गार जागी ठेवा आणि शांत झालं की हीटर नसलेल्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये भिंतीवर ठेवा. मार्चमध्ये बाहेर पडायला फट मात्र हवी. पहिल्या उबदार दुपारी ते आपण होऊन जाईल.

तुमच्या ओळखीचं एक फुलपाखरू मेच्या सुमारास तिथेही भेटेल. पेंटेड लेडी महाराष्ट्रात दिसतं आणि ब्रिटनमध्ये दक्षिणेकडून, थेट उत्तर आफ्रिकेपर्यंतच्या प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या टप्पे घेत येतं. २००९ आणि २०१९ या वर्षांत ही फुलपाखरं फार मोठ्या संख्येने आली होती.

प्रश्न : थंडीत माश्यांसाठी बागेत साखरेचं पाणी किंवा मध ठेवावा का?
– एक वाचक भगिनी, बर्मिंगहॅम

उत्तर : रोज ठेवू नका. साखरेत पराग नसतात, आणि उघड्या ताटलीवर अनेक माश्या आल्या की रोग पसरायला वाट मिळते. जमिनीवर गारठलेली, उडू न शकणारी एखादी बंबलबी दिसली तर आधी तिला फुलावर ठेवा. फूल नसेल तर दोन चमचे पांढरी साखर एक चमचा पाण्यात विरघळवून त्यातले एक-दोन थेंब तिच्यासमोर ठेवा. मध कधीही देऊ नका, दुकानातल्या मधातून मधमाश्यांच्या रोगांचे जंतू पसरू शकतात.

प्रश्न : नर्सरीतून ‘मधमाश्यांसाठी उत्तम’ अशी चिठ्ठी असलेली रोपं आणली तर पुरेसं आहे का?
– तीच वाचक भगिनी

उत्तर : चिठ्ठी जात सांगते, रोप कसं वाढवलं ते सांगत नाही. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दुकानांतली अशी रोपं तपासली, तेव्हा बहुतेकांत कीटकनाशकांचे अंश सापडले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली, पण औषधं तेवढीच नाहीत. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा की रोपावर काय फवारलं आहे. उत्तर मिळालं नाही तर शेजाऱ्याकडून पल्मोनेरियाचा गड्डा मागून घ्या. तो फुलून झाल्यावर सहज विभागता येतो आणि शरदात लावला की पुढच्या मार्चमध्ये फुलतो.