कोठी भरण्याआधी

मेहकर
कार्तिक वद्य पंचमी

चि. गजानन,

गेल्या साली पौषात मक्याच्या कोठीचं खालचं तोंड तुंबलं आणि तू बांबू घालून घालून थकलास, असं तुझी आई फोनवर सांगत होती. तोंड पौषात तुंबतं खरं, पण तुंबायचं कारण आपण कार्तिकात कोठी भरतानाच आत घालतो. म्हणून यंदा भरण्याआधीच लिहितो आहे.

परतीच्या पावसात सापडलेला मका वरून वाळलेला दिसतो, दाण्याच्या पोटात ओल राहते. बाजारात 14 टक्के ओलाव्याचा माल चालतो; महिनोन्‌महिने ठेवायचा तर 12 च्या वर नको. मीटर नसला तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे दाणे आणि कोरडं मीठ घालून हलव, 15 मिनिटं ठेव. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, माल परत ताडपत्रीवर पसर. नाही चिकटलं तरी आणखी दोन उन्हं दे. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. मग सावलीत निवू दे आणि भर. ऊन माल भरलास तर थंडीत पत्रा गार पडतो, आतली ऊब वर चढते, वरच्या गार थराशी ओल सुटते आणि दाणे बुरशीनं एकमेकांना धरतात. त्या पापडीचे तुकडे खाली सरकून तोंडात अडकतात.

दुसरं कारण चुऱ्याचं. वरून ओतताना अख्खे दाणे कडेला घरंगळतात. तुकडे, भुसा, साल मधोमध राहतात. तुझ्या कोठीचा तळ चाड्यासारखा उतरता आणि तोंड मधोमध, म्हणजे सगळा चुरा बरोबर तोंडावर. आधी चाळून घे. भरून झाल्यावर त्याच दिवशी खालून दोन-तीन पोती काढ, मधला चुरा त्यांत येईल. तो कोंबड्यांना घाल. बुरशीची पापडी मात्र कुठल्याच जनावराला घालू नको, तिच्यात विष असतं.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला बसलो ते. तुंबलं म्हणून कोणाला आत उतरवू नको, बारक्या पोराला तर नाहीच. आपल्याकडे कणगीत, पेवात पोरं उतरवायची रीत होती. पेवातली हवा जीव घेते, म्हणून जुनी माणसं ते उघडून बराच वेळ तसंच ठेवत. कोठीत धोका निराळा. खालून माल निघाला आणि वरची पातळी उतरली नाही, तर पापडीखाली पोकळी आहे असं समज. तिच्यावर पाय दिला की माणूस खाली जातो आणि वरून दाणा येतो. गुडघ्याच्या वर रुतलेल्याला आपल्या आपण निघता येत नाही. खालचं तोंड बंद कर, झाकणातून लांब बांबूनं बाहेर उभा राहूनच पापडी फोड. नाहीच फुटली तर पत्रा काप.

मक्याला ऊन किती लागलं ते कळव.

तुझा
मामा